गिनीपिगांचा पोळा

लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुमचे हे कोणत्या खात्यात होते?" की माझी बायको अजूनही विषय बदलते. तिच्या बहिणींचे नवरे रेल्वेत, पोस्टात, शाळेत. आणि तिच्या नवऱ्याचं काम काय, तर गिनीपिग उलटं करून ते नर आहे की मादी हे सांगणं! आता यात लाज वाटण्यासारखं काय आहे हे मला तीस वर्षांत कळलं नाही. पण तिला वाटते, आणि मी वाटू देतो.

नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला कवेलूंच्या छपराची एक लांबलचक खोली होती. तेच आमचं प्राणिगृह. पांढरे उंदीर होते, ससे होते, पण माझा जीव होता गिनीपिगांत. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांना सांगतो, पावाच्या अर्ध्या लादीएवढा जीव, शेपूट नाही, चावणं नाही, उड्या नाहीत, चढणं नाही. सकाळी माझ्या सायकलची घंटा वाजली की आतून सगळ्यांचा मिळून 'वीऽक वीऽक' असा कल्ला सुरू व्हायचा. माझ्या स्वतःच्या घरात माझं असं स्वागत कधी झालं नाही.

पाळायला सोपा, पण दोन गोष्टींत चुकलात की मेलात. पहिली म्हणजे राहणं-खाणं. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असला तर पाय अडकून मोडतो, म्हणून तळ सपाट हवा आणि त्यावर कोरडी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. भिंत हातभर उंच असली तरी पुरते. हिरवा घास रोज पाहिजे, कारण आपल्यासारखंच त्यांना आंबट-हिरवं मिळालं नाही की सांधे सुजतात. संत्र्याच्या दिवसांत मी अख्ख्या कॉलेजच्या डब्यांतल्या साली गोळा करायचो. आणि आपला मे महिना! माणसं वाळतात तिथं या केसाळ जिवांचं काय! ओली पोती, वाळ्याचे ताटे आणि दर तासाला पाणी मारणं, यात कसूर झाली की संपलं.

दुसरी गोष्ट नर-मादीची. मांजरासारखं इथं बाहेरून काही दिसत नाही. प्राणी डाव्या तळहातावर घ्यायचा, बूड सांभाळायचं, पोट दाबायचं नाही, आणि हळूच उताणा करायचा. मादीला तिथं बेचकीच्या आकाराची चीर दिसते. नराला नुसता ठिपका, आणि ठिपक्याच्या वरच्या अंगाला बोटानं हलकं दाबलं की लपलेली वस्तू बाहेर येते. लहान पिल्लांत दोन्ही सारखंच वाटतं, तिथं डोळ्यापेक्षा बोटावर भरवसा ठेवायचा. तीन आठवड्यांत नर पिल्लं आईपासून वेगळी करायची, नाही तर घराण्याची अब्रू जाते. म्हणून मी लाल रंगानं एक पाटी लिहून दारावर ठोकली होती: 'उलटे करून पाहिल्याशिवाय पिंजऱ्यात सोडू नये.' पाटीवर नाव नव्हतं, पण अक्षर माझं होतं.

बाहेरचे लोकही यायचे. एकदा धरमपेठेतल्या एका वकिलाच्या बाई रिक्षातून टोपली घेऊन आल्या. सीताबर्डीवर पिंजरेवाल्याकडून मुलीसाठी दोन 'बहिणी' घेतल्या होत्या, जाई आणि जुई. त्या दिवशी सकाळी टोपलीत पाच जण झाले होते.

"हे कसं झालं?" बाई माझ्यावरच चिडल्या होत्या.

मी जाईला उताणं केलं, बोटानं दाबलं, आणि त्यांना दाखवलं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"पण दुकानदारानं तोंड पाहून सांगितलं होतं!"

"बाई," मी म्हटलं, "तोंड पाहून लगन जमवतात. नर-मादी तोंड पाहून कळत नाही. आता जाईचा जयराम करा आन् त्याले आजच वेगळ्या खोक्यात ठेवा. मादी वेल्यावर त्याच दिवशी परत गाभण राहते, उद्याची वाट पाहू नका."

बाईंनी पुढं तीन वर्षं दर दिवाळीला चिवडा पाठवला. तर अशी माझी ख्याती होती. मागून मला 'नर-मादी मास्तर' म्हणायचे, आणि मी ते ऐकू आलं नाही असं दाखवत छाती फुगवायचो. ही फुगलेली छाती लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. वसुधा मॅडम म्हणून एक डॉक्टरीण आमच्याकडे पुढचं शिकायला आल्या होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. खुराकानं रक्तात काय फरक पडतो यावर त्यांचा प्रबंध होता, आणि त्यासाठी न व्यालेल्या गिनीपिग माद्या लागत होत्या. आदल्या वर्षी त्यांच्या सगळ्या माद्या मे महिन्यात गेल्या. नळाला पाणी नव्हतं, पोती वाळली, दोन दुपारींत पिंजरे रिकामे. मॅडम तेव्हा रडल्या नाहीत, वही मिटून घरी गेल्या. आता नव्यानं बारा माद्या मी लहानपणापासून वेगळ्या वाढवल्या होत्या. त्यांच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, निदान दहा तरी शेवटपर्यंत टिकल्या पाहिजेत, नाही तर प्रबंध विसरा. तिसरी संधी नव्हती.

या बारांच्या कानाला मी बारीक खाचा पाडल्या होत्या, पण खाच बघायला प्राणी हातात घ्यावा लागतो. लांबून ओळखायला पिवळा रंग. पिक्रिक ॲसिडचं पिवळं पाणी कापसानं पांढऱ्या केसांवर लावलं की दोन-दोन महिने हलत नाही. प्रयोगशाळांत सगळेच वापरतात. मी ते फक्त नरांना लावायचो, आणि लावायचो खांद्यावर. शेतकऱ्याचा मुलगा मी, जू ठेवायची जागाच आधी सुचली. खांदा पिवळा तो नर, पांढरी ती मादी. माझ्या हाताखाली पिंजरे धुवायला गंगूबाई होती, तिलाही हे पाठ होतं. "पिवळे ते बाप्ये," असं ती म्हणायची.

गंगूबाई नंदनवनच्या अंगाला राहायची. तोवर बारा-तेरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं. हातानं खरारा केल्यासारखी ती पिंजरे घासायची, आणि घासताना प्राण्यांशी बोलत राहायची. मी डबा खायला झाडाखाली बसायचो, ती दाराशी. तिनं कधीमधी भाकरीचा तुकडा पुढं केला तर मी "पोट भरलं वं" म्हणायचो. एवढ्या वर्षांत एकदाही भरलं नव्हतं. जातीपायीच तसं म्हणायचो ते तुम्हाला कळतंच, आणि मला आज लिहिताना लाज वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचा खांदा शेकतात. तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी प्राणिगृहात दर वर्षी गमतीनं एका म्हाताऱ्या नराला तूप-हळदीचं बोट लावायचो. गंगूबाईला सांगायचो, "याइच्याच जिवावर आपण खाऊन राहिलो वं, हेच आपले बैल." त्या वर्षी मात्र मी पोळ्याला गावी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, पहिल्या एसटीनं परत आलो. तो दिवस नागपुरात मारबतीचा, म्हणजे रोगराई हाकलायला काढलेल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा. पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, सगळं शहर इतवारीत. मलाही जायचं होतं. लहानपणापासून एकही मारबत मी चुकवली नव्हती.

खोलीत पाय टाकतो तर काय! पिंजऱ्यांच्या मांडणीचा एक पाय वाळवीनं खाल्लेला, तो बसला, आणि वरचे पिंजरे खाली आले होते. कोणी मेलं नव्हतं, पण तीसेक गिनीपिगं खोलीभर पळत होती. गंगूबाई नुकतीच पोहोचली होती आणि पदर खोचून त्यांच्या मागं धावत होती. मी घड्याळ पाहिलं, तिला मांडणीखाली लावायला विटा आणायला धाडलं. दार लावलं, झाडून सगळ्यांना एका कोपऱ्यात आणलं, आणि उचलायला लागलो. पिवळा खांदा, नरांत. पांढरी, माद्यांत. पिवळा, पांढरी, पिवळा. दहा मिनिटांत काम फत्ते. मॅडमच्या बारा माद्या शुक्रवारी वजनाच्या दिवशी खाचा पाहून वेगळ्या काढू, असं ठरवलं. दाराबाहेर पडताना माझ्याच पाटीखालून गेलो. एकालाही उलटं केलं नव्हतं.

त्या वर्षीची मारबत जोरदार झाली. मी घसा बसेपर्यंत ओरडलो, "इडा पिडा घेऊन जाऽ गे मारबत!"

पुढचे दिवस नरांच्या पिंजऱ्यात घूं-घूं चालू होतं. नर कंबर हलवत, घुमत एकमेकांमागं फिरत होते. माझ्याजागी कोणी नवशिका असता तर त्यानं विचार केला असता. मी म्हटलं, जागा बदलली की भांडतातच. मास्तर ना मी!

शुक्रवारी सकाळी माद्यांच्या पिंजऱ्यात कानाच्या खाचा शोधायला बसलो. एक, दोन, पाच, सहा. पुन्हा पाहिलं. सहाच. पिंजऱ्यांमागं पाहिलं, पोत्यांखाली पाहिलं, मोरी पाहिली. मग सहज नरांच्या पिंजऱ्याकडे नजर गेली. तिथल्या काही जणांचे खांदे मळके, फिकट, चाटून चाटून जवळजवळ पांढरे झाले होते. पिक्रिक कडू असतं, ते कोणी चाटत नाही. मी एकाला उचललं. कानाला खाच. उताणं केलं. बेचकी.

 मी बाकीच्यांना एकेक करून उलटं केलं.

सहाच्या सहा तिथं सापडल्या. चार दिवस त्या नरांत होत्या. बाहेरच्याला वाटेल, झाल्या गाभण तर झाल्या, पिल्लं होतील. तसं नसतं. गिनीपिगाच्या मादीचं पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं तर कंबरेची हाडं वेळेवर उघडतात. त्यापुढं ती जुळून पक्की होऊ लागतात. मग पोटात पिल्लं वाढली की बाहेर यायला वाट नसते, आणि आई पिल्लांसकट मरते. मी हे दोनदा पाहिलं होतं. या माद्या आठ महिन्यांच्या होत्या.

"गंगू!" मी ओरडलो. "याइले हळद कोणं लावली?"

ती झाडू घेऊन दारात आली.  "म्या लावली भाऊ. खांदशेकणीच्या दिशी. तुम्ही नव्हते न."

"पण माद्याइले काहून? लावायची तर नराले लावायची!"

"नर काय करते?" ती म्हणाली. "नुसते खाऊन राहिले आन् भांडून राहिले. बाई सुया टोचते ते याइलेच. राबते त्या याच. तूप वाटीच्या तळालाच होतं, सहालेच पुरलं. मले वाटलं, हळद हाय, निघून जाईन."

मी तिला नको नको ते बोललो. अक्कल गहाण टाकली का, म्हटलं. सहा जीव तू खाल्लेस, असंही म्हटलं.  तेवढ्यात मागून वसुधा मॅडम आल्या. मी धावत पुढं होऊन सगळं सांगितलं: हळद, गंगूबाई, मांडणी, चार दिवस. बोट गंगूबाईकडे होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग दारावरच्या पाटीकडे पाहत विचारलं, "पण तुळशीरामजी, पिंजऱ्यात सोडताना उलटं करून कोणी पाहिलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ वळवळली होती. पण माझं अक्षर माझ्याचकडे बघत होतं.

"कोणीच नाही जी," मी म्हटलं. "मी सोडले. मारबत पाहायची घाई होती."

त्यांनी हातातल्या वहीकडे पाहिलं. मला वाटलं, आता वही मिटतात. पण त्यांनी हिशेब केला. मादी सोळा-सतरा दिवसांतून एकदाच, तेही अर्धा दिवस, नराला जवळ येऊ देते. म्हणजे सहाही जणी सापडल्या असतील असं नाही. "महिनाभर थांबू," त्या म्हणाल्या. "खुराक तेव्हाच सुरू करू. तोवर या सहा वेगळ्या ठेवा." आणि जाताना गंगूबाईला म्हणाल्या, "बाई, हळद तुम्ही चांगल्या मनानं लावलीत."

हे वाक्य मी म्हणायला पाहिजे होतं. मी नाही म्हटलं.

तो महिना कसा काढला ते मलाच माहीत. गंगूबाई वेळेवर यायची, काम करायची, पण प्राण्यांशी बोलणं तिनं बंद केलं होतं. रोज एकच प्रश्न: "समजलं काय?" मी नाही अशी मान हलवायचो. घरी बायको म्हणाली, "गिनीपिग तुमचे दिवस मोजून राहिले का तुम्ही त्याइचे?"

महिना भरला. मॅडम, गंगूबाई आणि मी, तिघं टेबलाभोवती. पोट चाचपायला अंगठा आणि बोट अलगद ठेवायचं, पिल्लं असली तर बोराएवढ्या गाठी लागतात. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी, चौथी. पाचवी जरा टम्म वाटली, पण तो घास होता. मी मोठ्यानं हसलो. मग सहावी घेतली, मॅडमच्या वहीतली सात नंबर. अंगठ्याखाली एक बोर लागलं, आणि बाजूला दुसरं.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे अकरा वाचल्या," मॅडम म्हणाल्या. "प्रबंध होतो तुळशीरामजी. होतो!" त्यांचे डोळे भरून आले होते. मे महिन्यात न रडलेली बाई तेव्हा रडली. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गंगूबाईची नजर सात नंबरवर होती.

"आन् हिचं काय?" तिनं विचारलं.

मॅडम वहीत सात नंबरवर काट मारत होत्या.

सात नंबरला मी कोपऱ्यात एकटीला मोठं खोकं दिलं. भरपूर तणीस, एक आडवं ठेवलेलं मडकं, सकाळ-संध्याकाळ घास, आवळा, कोबीची पानं. दिवाळी आली. पिल्लं थोडी म्हणून ती मोठी होतात, आणि मोठी म्हणून धोका जास्त. ती आडवी ढोलासारखी झाली होती. आता एकच गोष्ट बघायची असते. शेपटीच्या जागेखाली, पुढच्या बाजूला, कंबरेची दोन हाडं जिथं भेटतात तिथं बोट ठेवायचं. दिवस भरत आले की त्यांच्यात फट पडते. बोट मावलं तर वाट आहे, नाही मावलं तर नाही.

दिवाळीच्या आधी बंद. भाऊबीजेला बंद. त्यानंतर रोज सकाळी घंटा वाजवून आत शिरायचो, बाकीच्यांचा कल्ला ऐकू यायचा नाही, आधी हात धुवून तिच्याकडे. बंद. बंद. गंगूबाई दारात उभी राहायची, विचारायचीही नाही, माझ्या तोंडाकडे पाहून झाडू उचलायची.

एका सकाळी बोट ठेवलं आणि मला वाटलं, माझं बोटच चुकतंय. पुन्हा ठेवलं. बोटाचं टोक आत बसलं. थोडी बारीक, पण फट होती.

"गंगू!" मी ओरडलो. या वेळचं ओरडणं वेगळं होतं. "उघडलं वं! हाड उघडलं!"

ती जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. मी पण काय, चाळिशीचा बाप्या, घास हातात धरून डोळे पुसत होतो. दुसऱ्या दिवशी फट जास्त. तिसऱ्या दिवशी, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी, मी खोकं उघडलं तर सात नंबर बसून एका पिल्लाला चाटत होती आणि दुसरं मडक्यात शिरून बाहेर पाहत होतं. गिनीपिगाची पिल्लं डोळे उघडे ठेवून, केसांसकट जन्मतात. जन्मल्या जन्मल्या ती तुमच्याकडे पाहतात. ते पिल्लू माझ्याकडे पाहत होतं, आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

गंगूबाई आली तेव्हा मी ते तिच्या ओंजळीत ठेवलं.

"नर हाय का मादी?" तिनं विचारलं.

"तूच पाह्य."

बारा वर्षांत मी तिला हे शिकवलं नव्हतं. माझी विद्या होती ना! त्या दिवशी तिचं बोट धरल्यासारखं करून सांगितलं: बूड सांभाळ, पोट दाबू नको, हळूच उताणं कर, आता इथं दाब. तिनं दाबलं, डोळे बारीक केले. "हे बाप्या," ती म्हणाली. दुसरं घेतलं. "हे आपल्यातली." दोन्ही बरोबर. पुढं मी रजेवर गेलो की पाटीखाली उभी राहून तीच निवडायची, आणि मी निवृत्त झाल्यावर मास्तरीण तीच झाली.

मॅडमचा प्रबंध झाला. मानपत्रासारखी एक प्रत त्यांनी प्राणिगृहाला दिली. आभाराच्या पानावर सगळ्या सरांच्या खाली एक ओळ आहे, 'श्री. तुळशीराम आणि श्रीमती गंगूबाई यांचे.' बायकोला ती ओळ मी वाचून दाखवली. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावली, पण विषय बदलणं काही सोडलं नाही.

पुढच्या वर्षी खांदशेकणीच्या दिवशी मी गावी गेलो नाही. गंगूबाईच्या हातात वाटी नव्हती.

"या वर्षी हळद नाही काय वं?" मी विचारलं.

"नाही भाऊ. हळदीचा हात लावत नाही आता त्याइले." ती झाडू टेकून उभी राहिली. मग पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीकडे पाहत, थट्टेत का खरंच ते मला कळेना, म्हणाली, "तुम्हीच आवतन घ्या भाऊ आज. उद्या जेवाले या."

माझ्या तोंडात सवयीनं 'पोट भरलं वं' आलं होतं. ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, सायकल काढून नंदनवनला गेलो. तिनं पुरणपोळी आणि कढी केली होती. मी चार पोळ्या खाल्ल्या, आणि पाचवी मागून घेतली.